इंग्रजी मशीनवरचा हरण्या

टाइपरायटरवरचं सगळ्यात काळं अक्षर कोणतं, हा प्रश्न घनसावंगीत माझ्याआधी कुणाला पडला असेल असं वाटत नाही. मला पडला, आणि त्यातून पुढे आमच्या घरासमोर जाफराबादहून रडणाऱ्या माणसांनी भरलेली जीप येऊन उभी राहिली. या दोन गोष्टींचा संबंध सरळ आहे. तो मी क्रमाने सांगतो, कारण गावात तो उलट्या क्रमाने सांगितला जातो आणि त्यात मी वेडा ठरतो.

साल अठ्ठ्याऐंशी. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि नोकरीची वाट पाहत होतो. नोकरीची वाट पाहणारा माणूस आमच्याकडे टायपिंगच्या क्लासला जातो. नुसती वाट पाहिली तर लोक नावं ठेवतात, टायपिंग करत पाहिली तर ठेवत नाहीत. क्लासच्या खिडकीतून कापसाच्या गाड्या दिसायच्या. गाडी गेली की मागे हवेत कापसाचा भुरा तरंगत राहायचा, आणि दुपारच्या उन्हात तो खाली यायचं नावच घ्यायचा नाही. त्याच्याकडे पाहत मी तीच तीच अक्षरं बडवत बसायचो. एकदा अशीच डोळ्यांवर झापड आली आणि समोरच्या कागदावर ढग दिसले. एमच्या ओळी काळ्या ढगासारख्या, आयच्या ओळी विरळ. डोळे उघडले की पुन्हा अक्षरं.

घरी येऊन मी भिंगाखाली वर्तमानपत्रातला एका पुढाऱ्याचा फोटो धरला. त्यात पुढारी नव्हताच, नुसते ठिपके होते. ठिपक्यांचा पुढारी होत असेल तर अक्षरांचं काहीही व्हायला हरकत नव्हती. मी सगळ्या अक्षरांची काळेपणाप्रमाणे रांग लावली. सगळ्यात फिकट पूर्णविराम, मग स्वल्पविराम, मग आय, ओ, एक्स आणि शेवटी एम. डब्ल्यूने एमशी बराच वाद घातला, पण मी निकाल एमच्या बाजूने दिला. ही रांग एका कागदावर वरून खाली टाइप केली तेव्हा वर दुपार होती आणि खाली येईपर्यंत दिवेलागण झाली होती. मी तो कागद बराच वेळ पाहत बसलो. इथपर्यंत माझा कुणालाही त्रास नव्हता.

त्रास आबांच्या डोळ्यांमुळे सुरू झाला. आबाराव माझे थोरले चुलते. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. संक्रांतीनंतर सरकारी दवाखान्यात डोळ्यांचं शिबिर होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते की या वर्षी काढला नाही तर पुढे काढून उपयोग व्हायचा नाही. आबा नाही म्हणत नव्हते, 'बघू' म्हणत होते. आई, म्हणजे द्वारकाबाई, मोठ्या दिरापुढे कधी दाराबाहेर येऊन बोलली नव्हती. ती एक दिवस डोक्यावरचा पदर धरून उंबऱ्यावर आली आणि म्हणाली, "दादा, एवढं ऐका. पायाखालची वाट दिसंना तुम्हाला."

आबा म्हणाले, "बघायचं काय राह्यलंय, द्वारकाबाई? हरण्या दावा मला. मंग कुठंबी न्या अन् काय कापायचं ते कापा."

हरण्या आबांचा बैल. हरणाच्या रंगाचा, म्हणून हरण्या. श्रावणात गेला. आबांना नीट दिसलेली शेवटची गोष्ट तीच होती. त्याचा फोटो नव्हता. एका पोळ्याला आबा त्याला सजवून बाजारातल्या फोटोवाल्याकडे घेऊन गेले होते, पण धबधब्याचा पडदा आत होता आणि हरण्या दारातून आत मावला नाही. पडद्याशिवाय फोटो काढायला फोटोवाला तयार होईना.

मेलेला बैल दाखवा, हे आबांचं बोलणं सगळ्यांनी नकार म्हणून ऐकलं. मी ते गणित म्हणून ऐकलं. विज्ञान शिकण्याचा हा एक तोटा आहे.

बैल काढायचा तर आधी समोर बैल हवा. शेजारच्या भुजंगदादाचा बैल अंगाने हरण्यासारखा होता, निदान भुजंगदादाचं तसं म्हणणं होतं. त्याने तो आनंदाने दिला आणि सोबत स्वतःही आला. आता बैलाच्या अंगावर चौकटी कशा पाडायच्या? मी आबांची बाज अंगणात आणून उभी केली. बाजेच्या सुतळीच्या विणीत चौकोन असतात. बाजेच्या एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला मी. एकेका चौकोनातून बैलाचा किती भाग दिसतो ते प्रॅक्टिकलच्या उरलेल्या आलेख कागदावर मांडत जायचं. पद्धत निर्दोष होती. बैल मात्र मधूनच दोन चौकोन पुढे सरकायचा. भुजंगदादा बाजूला उभा राहून वशिंड मोठं घ्यायला सांगत होता. मी म्हणालो, दिसतं तेवढंच घेतो. तो म्हणाला, दिसतं तेवढंच घ्यायचं तर तुझ्या शिक्षणाचा उपयोग काय.

या सगळ्यात मी एक गोष्ट विसरलो. आमच्याकडे बाज अशी अंगणात उभी करत नाहीत. घरात कुणी गेलं, तर त्याची बाज धुऊन अंगणात उभी करतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

समोरच्या उषाबाई पाण्याला निघाल्या होत्या. त्यांनी आबांची बाज उभी पाहिली. आबा कुठे दिसले नाहीत, कारण बाज मी घेतल्यामुळे ते आत जमिनीवर झोपले होते. बाजेमागे मी मान खाली घालून बसलो होतो आणि भुजंगदादा शेजारी उभा राहून माझी समजूत घालत होता. अशा वेळी घरात शिरून विचारायची पद्धत नाही. उषाबाईंनी विचारलं नाही, फक्त कळवलं. एसटीच्या वाहकाने ते जालन्याच्या स्टँडपर्यंत नेलं आणि तिथून ते जाफराबादच्या गाडीत बसलं. टपालाने कधी इतक्या लवकर काही पोचलेलं मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आबा अंगणात उन्हाला बसले होते, त्याच बाजेवर, चहाची बशी हातात धरून. गल्लीच्या वळणावर रडणं सुरू झालं. जाफराबादची सोनूबाई आत्या, आबांची धाकटी बहीण, जीपमधून उतरली ती पदर तोंडावर घेऊनच. बाया तिला दोन्हीकडून धरून आणत होत्या. आबांना माणसं धुरासारखी दिसायची. त्यांनी बशी खाली ठेवली आणि बाजेवर सरकून जागा केली. आत्याने बाजेवरचा माणूस जवळचा कुणीतरी समजून त्याच्या गळ्यात हात टाकले आणि भावाचे गुण सांगत रडायला लागली. कसा तिला माहेरी न्यायला स्वतः यायचा, कशी पहिल्या बाळंतपणाला त्याने गाडी जुंपली होती. आबाही गहिवरले. तिच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "कोण गेलं, सोनू?"

"तुम्हीच की, दादा," आत्या म्हणाली, आणि तेव्हा तिने पदर बाजूला केला.

आबांनी थोडा विचार केला. "कधी?" त्यांनी विचारलं.

पुढचा तास मी भुजंगदादाच्या गोठ्यात काढला. जीपभर माणसांचा स्वयंपाक आईला करावा लागला. रडायला आलेली माणसं जेवायला बसल्यावर एकमेकांकडे पाहायची आणि पुन्हा खाली पाहायची. कुणाला हसावं की नाही ते कळत नव्हतं. आत्याला बाज आणि बैलाचा प्रकार समजला तेव्हा तिने आईला बाजूला घेऊन सांगितलं की पोराचं लग्न लावून द्या, त्या मशीनच्या आवाजाने त्याचं डोकं फिरलेलं आहे. पोटभर रडून झालेलं असल्याने ती लगेच परत जाईना. शिबिरापर्यंत राहते म्हणाली.

संध्याकाळी आबांनी मला हाक मारली. ते शांत होते, जरा खुशीत होते म्हटलं तरी चालेल. "लई रडली सोनू," ते म्हणाले. "बराबर रडली." मग थोड्या वेळाने म्हणाले, "खरंच हरण्या काढून राह्यला का तू?"

मी हो म्हणालो.

"मंग माझा शबुद हाय. दिसला तं येतो."

आत्याने हे दारातून ऐकलं. ती मला विहिरीपाशी गाठून म्हणाली, "आता हरण्या न्हाई ओळखू आला तं दादाला बिलकुल हलवता यायचं न्हाई. जनमभर आंधळा ठिवशील त्याला. कळतं का?" मला कळत होतं. तोपर्यंत मी एक चित्र काढत होतो. आता मी आबांचे डोळे काढत होतो.

अडचण अशी की टायपिंग क्लास तातेराव सरांचा होता. सर तोंडावर वर्तमानपत्र टाकून बाकावर पडलेले असत, पण कोणत्या मशीनवर कोण कोणता धडा करतोय हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. मी हरण्याच्या पाठीला सुरुवात केली, म्हणजे एम एम एम एम, तसा वर्तमानपत्राखालून आवाज आला. "एका बोटानं नांगरट कोण करून राह्यलंय?"

मी खरं सांगितलं. सरांना राग आला नाही. परवानगीशिवाय धड्याबाहेरचं काही टाइप करता येत नाही, रीतसर अर्ज दे, म्हणाले. मी अर्ज दिला. विषय, इंग्रजी मशीनवर बैल काढण्यास परवानगी मिळणेबाबत. सरांनी डावा समास कमी पडला म्हणून तो परत केला. दुसऱ्यांदा विषयाखाली रेघ नव्हती म्हणून परत केला. तिसऱ्यांदा मंजूर केला, पण इंग्रजी मशीन परीक्षेच्या मुलांना लागतं, सबब बैल मराठी मशीनवर काढावा, असा शेरा मारला.

मराठी मशीनवर बैल येत नाही, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. मराठी अक्षरं रेघेला टांगलेली असतात. त्यामुळे बैलाच्या अंगावरून आडव्या तारा गेल्यासारख्या दिसतात. शिवाय काही कळा दाबल्या तरी कागदाचा गाडा पुढे सरकत नाही, त्यामुळे हरण्याचे दोन्ही कान एकाच जागी आले. सरांनी कागद हातात धरून पाहिला.

"हा कोंडवाड्यातला दिसतोय," ते म्हणाले.

मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला कोपऱ्यातलं जुनं इंग्रजी मशीन दाखवलं. त्याची ई तुटलेली होती म्हणून त्यावर कुणी बसत नसे. बैलाला ई लागते का, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं. मी रांग आठवून पाहिली. नव्हती लागत.

त्या मशीनवरचे दिवस मला आजही एखाद्या लांबलेल्या दुपारसारखे आठवतात. बाकीची मशीनं पावसासारखी वाजायची आणि मी त्यात हळूहळू एक पाठ उतरवत असायचो. पोटाकडे ओ, बरगडीवर आय, कानामागे स्वल्पविराम. एका ओळीचं पुढच्या ओळीला काही माहीत नसायचं. कधी वाटायचं, अक्षरं कागदावर चरायला सोडली आहेत आणि ती आपापल्या जागी जाऊन उभी राहतायत. खिडकीतून कापसाचा भुरा येऊन कागदावर बसायचा. फुंकर मारली की तो उठायचा, बैल तसाच राहायचा. एकदा सर मागे येऊन उभे राहिले आणि मग माझ्या मशीनची शाईची फीत बदलून गेले. नवी फीत.

कागद एकाला एक जोडून चिकटवायचे होते. पुठ्ठ्यावर चिकटवून अंगणात लांब ठेवायचा माझा विचार होता, कारण असं चित्र लांबूनच दिसतं. पण मी पुठ्ठा आणायला गेलो तेवढ्यात भुजंगदादाने खळ करून सगळे कागद आबांच्या खोलीतल्या भिंतीवर चिकटवून टाकले. त्याने मदत म्हणून केलं होतं. हात लावून पाहिला तर कागद चुन्यासकट निघायला लागला. हरण्या आता तिथून हलणार नव्हता. आबांची खोली म्हणजे दोन भिंतींमधला बोळ. एका भिंतीला हरण्या, समोरच्या भिंतीला बाज. मधे एका माणसाला जायला वाट.

बैल पाहायला गल्ली लोटली. इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. टाइप केलेला कागद आमच्याकडे पाहायचा नसतो, वाचायचा असतो. तो तहसीलीतून येतो, त्यात जमिनीचं काहीतरी असतं, आणि तो जवळ जाऊन ओळीखाली बोट ठेवून वाचतात. सगळे भिंतीला नाक लावून उभे राहिले. भुजंगदादा पाठीवरून बोट फिरवत वाचू लागला, "एम, एम, एम, एक्स." उषाबाईंनी ही नोटीस कुणाच्या नावाची आहे, असं विचारलं. मागून एकाने खाली सही-शिक्का आहे का ते पाहिलं. नव्हता, तेव्हा लोकांचा जीव भांड्यात पडला, पण चित्रातला रसही गेला.

मी म्हणालो, जरा मागे सरा. मागे माणसं होती. मी म्हणालो, मग डोळे अर्धे मिटून पाहा. उषाबाई म्हणाल्या, बाबा, पाहायला बोलावतो अन् डोळे मिटायला सांगतो. शेवटी मीही डोळे किलकिले करून पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मलाही हरण्या दिसला नाही. प्रत्येक अक्षर मी हाताने ठेवलं होतं. मला अक्षरंच दिसत होती.

"ह्याच्यापायी मला रडवलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज या वेळी रागाचा नव्हता. तो ऐकून मला बसावंसं वाटलं, पण बसायला जागा नव्हती.

माणसं एकेक करून बाहेर पडली. समोरच्या बाजेवर आबा मांडी घालून बसलेले होते.

"डावं शिंग मागं घ्याया पायजे," आबा म्हणाले. "पुढं आलंय जरा."

आई आतून दारापाशी आली.

"अन् त्याचं दावं कुणी सोडलं?" आबा म्हणाले. "मोकळाच उभाय."

दावं मी काढलंच नव्हतं. आत्याचा विश्वास बसेना. तिने आबांना विचारलं, त्याचं तोंड कुणीकडं आहे ते सांगा. आबांनी हात वर केला आणि दाराकडे, जिकडे हरण्याचं तोंड होतं, तिकडे दाखवलं. मग म्हणाले, "सोनू, सरक तिथून. त्याच्या पायात उभी राह्यलीस."

आत्या सरकली.

ज्याला दृष्टी यावी म्हणून मी चित्र काढत होतो, त्याच्या दृष्टीतच ते पूर्ण होत होतं. मोतीबिंदूने कडा पुसल्या जातात आणि शेजारची अक्षरं एकमेकांत मिसळतात. आम्हाला लांब जाऊन जे करावं लागलं असतं ते आबांचा डोळा जागेवर बसून करत होता. हे मी त्या रात्री वहीत आकृती काढून तपासलं. पण आईला ते सांगायला गेलो तर ती चुलीपुढे बसून डोळे पुसत होती. मी आकृती दाखवली नाही.

आबांनी शब्द पाळला. शिबिराच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून ते रांगेत सगळ्यात पुढे बसले, आणि आजूबाजूच्यांना हरण्या घरी आल्याचं सांगत होते. आधी एक डोळा झाला, नंतर दुसरा. हिरवी पट्टी बांधून कितीतरी दिवस ते बाजेवर पडून होते. तेव्हा डोळ्यातलं भिंगच काढून टाकत, त्यामुळे चष्म्याशिवाय सगळं धूसर; तो चष्मा महिन्याभराने मिळाला. बाटलीच्या बुडासारख्या काचा, आणि काचांमागे आबांचे डोळे मोठे, ओले, बैलासारखेच दिसायचे.

त्या सकाळी त्यांनी सगळं पाहिलं. चिमणी पाहिली, पत्र्यावरचा गंज पाहिला, स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. आईला म्हणाले, "द्वारकाबाई, केस पिकले की तुमचे," आणि आई इतकी हसली की तिला आत जावं लागलं. मग ते खोलीत गेले, बाजेवर बसले आणि भिंतीकडे पाहू लागले.

"हरण्या कुठं नेला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "तिथंच आहे, आबा."

ते उठले. भिंतीपाशी गेले. एक बोट कागदावर ठेवून तसंच पुढे नेलं. "ह्या तं मुंग्या हायेत," ते म्हणाले.

मी त्यांना अंतराबद्दल सांगितलं, भिंतीबद्दल, भुजंगदादाच्या खळीबद्दल. त्यांनी ऐकून घेतलं. मोठा माणूस लहानाचं ऐकतो तसं. दुपारी ते जेवायला बसले आणि अर्ध्यावर उठले. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही त्यांना चिमणी दिली होती, पत्र्यावरचा गंज दिला होता, आणि त्या बदल्यात बैल परत घेतला होता. विज्ञानाकडे यावर उत्तर असेल, पण ते मला सुचत नव्हतं. कागद भिंतीवरून खरवडून काढावेत का, असं विचारायला मी त्यांच्या खोलीत गेलो.

आबा बाजेवर बसले होते. दुपारचं ऊन खिडकीतून कलून भिंतीवर आलं होतं आणि कागद पिवळसर, हरणाच्या रंगाचे झाले होते. आबांनी चष्मा काढला होता आणि धोतराच्या सोग्याने काच पुसत होते. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. ते समोर पाहत होते. मी दारातच राहिलो. बाहेर कुणीतरी धुणं आपटत होतं, तेही थांबलं.

"संपत," आबा हळूच म्हणाले, "हिकडं ये."

मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी चष्मा माझ्या कानांवर चढवला. खिडकी विरघळली, दार विरघळलं, आबांचा चेहरा उन्हात मिसळून गेला. आणि समोर, पाठीवर ऊन घेऊन, तो उभा होता. वशिंड, गळ्याची पोळी, ओलसर नाक. मी श्वास घेतला की चष्मा हलत होता आणि त्याची बरगडी वरखाली होत होती. इतके दिवस मी त्याला काढला होता, पाहिला आत्ताच. चष्म्याचा आबांच्या डोळ्याला आणि माझ्या डोळ्याला होणारा परिणाम उलटा असतो, हे मला एकदम लख्ख कळलं, आणि मी ते समजावून सांगायला तोंड उघडलं.

आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू बोल," ते म्हणाले. "बुजंल तो."